व्हिडिओ बांधून मिळेल

मला बांधता येत नाही अशी वस्तू जगात नाही! बढाई मारत नाही, माझा धंदाच तो आहे. घरं हलवणाऱ्या कंपनीत मी पॅकर आहे. आरसे, झुंबरं, काचेची कपाटं, एकदा तर माशांची टाकी (मासे वेगळे, पाणी वेगळं), सगळं मी बांधलंय आणि एक ओरखडा न येता दुसऱ्या टोकाला उतरवलंय. गिऱ्हाईक डोक्याला हात लावून म्हणतं, "अहो, एवढं सामान या ट्रकात मावायचं नाही." मी नुसता हसतो. सामान मावतं, आणि वर माझा जोडीदार मुंगळासुद्धा मावतो. त्याला मुंगळा म्हणतात, कारण तो स्वतःपेक्षा मोठं कपाट एकटा पाठीवर घेऊन जिना उतरतो.

तेव्हा बायको जेव्हा म्हणाली, "व्हिडिओ फार जड झालाय हो, लहान करून पाठवायला हवा," तेव्हा मी असाच हसलो.

आता आधी बायकोबद्दल सांगतो, कारण ही सगळी धावपळ तिच्यासाठी होती. ती एका शिंप्याच्या दुकानात मागच्या खोलीत बसून शर्ट शिवते. तिच्या हातची कॉलर म्हणजे कॉलर! धुवा, पिळा, वाळत घाला, तरी ताठच. गावातली निम्मी मोठी माणसं तिच्या कॉलरीत मान घालून फिरतात, पण नाव दुकानाचं. ती कुणाला दिसत नाही. अशात इंटरनेटवरून शिवणकाम शिकवणाऱ्या एका शाळेनं जाहिरात दिली की शर्ट शिकवायला शिक्षिका हवी, शिकवतानाचा एक व्हिडिओ पाठवा. बायकोनं ती जाहिरात मला वाचून दाखवली आणि पुढे काहीच बोलली नाही. माझी बायको काही बोलत नाही तेव्हा तिला ती गोष्ट फार हवी असते, हे मला लग्नानंतर हळूहळू कळलंय.

सुट्टीच्या दिवशी जेवणाच्या टेबलाशेजारी मशीन मांडून तिनं 'कॉलर कशी लावावी' हा धडा शिकवला. फोन स्टुलाला मीच बांधला. असा बांधला की व्हिडिओभर केसभरसुद्धा हलला नाही! नंतर तो सोडवायला कात्री लागली ही गोष्ट वेगळी.

व्हिडिओ झाला झकास, पण वजनाला भारी. शाळेच्या नियमात बसेना. आणि पाठवायचा शेवटचा दिवस उजाडला, तेव्हा नेमकी दुकानात गणवेशांची घाई.

"मी संध्याकाळी येईन तोवर मुदत संपेल," ती चपला घालता घालता म्हणाली. "तुमची आज सुट्टी आहे. जमेल ना तुम्हाला?"

"अगं, कोणाला विचारतेस! आख्खी घरं खोक्यात घालणारा माणूस मी!"

"नुसता लहान करायचा आणि पाठवायचा. दुसरं काही करू नका."

"दुसरं काय करणार?"

तिनं माझ्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं आणि गेली.

मी बाह्या सरसावून कॉम्प्युटरसमोर बसलो. मागे पलंगावर सासूबाई दुकानच्या शर्टांना बटणं लावत बसल्या होत्या. आमच्या सासूबाई बोलतात कमी, पण जे बोलतात ते टाचणीसारखं.

आमच्या धंद्याचा पहिला नियम म्हणजे मूळ मालाला धक्का लावायचा नाही. म्हणून व्हिडिओची नक्कल काढली आणि कामाला लागलो. लहान करायचाय ना? केला लहान! चित्राचा कोपरा धरला आणि ओढत ओढत आत आणला. वजन झर्रकन उतरलं. मी खुशीत सासूबाईंना बोलावलं. त्यांनी चष्मा लावला, चष्मा काढला, पुसला, परत लावला.

"जावईबापू, ही कोण?"

"अहो, तुमची मुलगी!"

"असेल. तुम्ही म्हणताय तर असेल."

खरंच, पोस्टाच्या तिकिटाएवढ्या चित्रात बायको कुठली आणि मशीन कुठलं हे मलाही सांगता येईना. कॉलर तर विचारूच नका!

हरकत नाही. आमच्याकडे गादी जागा खायला लागली की आम्ही ती उभी करतो. व्हिडिओ आडवा होता, तो मी उभा केला! वजन तसूभरही उतरलं नाही, पण बायको मात्र भिंतीवर झोपून शिवायला लागली. सासूबाईंनी मान खांद्याला टेकवून थोडा वेळ पाहिलं आणि "आई गं" म्हणून मान चोळत पलंगावर परत गेल्या.

मग मी दाबायला घेतलं. कॉम्प्युटरात एक पट्टी होती, एका टोकाला 'उत्तम' आणि दुसऱ्या टोकाला 'हलका'. मी ती धरून हलक्याच्या टोकाला नेऊन आदळली. रजई दाबून पिशवीत भरावी तसा व्हिडिओ बसला! लावून पाहिला तर बायकोच्या चेहऱ्याच्या फरश्या झालेल्या. निळा शर्ट, निळं टेबल, बायकोची निळी साडी, सगळं एकमेकांत मिसळून गेलेलं, आणि त्या निळ्या चिखलातून आवाज येतोय, "ही शिलाई नीट बघून घ्या बरं का."

"काय बघू?" सासूबाई म्हणाल्या.

आता मात्र मी खुर्ची मागे सरकवून शांतपणे विचार केला. सामान जागा का खातं? आत हवा असते म्हणून! उशीतली हवा काढली की उशी पापडाएवढी होते. मग व्हिडिओतली हवा कुठली? तर जिथे कोणी काही बोलत नाही ती! आणि बायकोच्या व्हिडिओत अशा गप्प जागा तर भरपूर होत्या. मी एकेक शोधून काढून टाकली. हातात काय राहिलं? अगदी सुटसुटीत, नियमात बसणारा व्हिडिओ! मी मांडी थोपटली आणि लावला.

बायको म्हणाली, "आता ही कॉलर इथे अशी ठेवायची." आणि लगेच म्हणाली, "झाली बघा लावून!"

सासूबाईंची सुई हवेतच थांबली. "जादूचे प्रयोग शिकवणार आहे का ती?"

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. बायको शिवताना बोलत नाही! जे काही शिवलं होतं ते सगळं त्या गप्प जागांत होतं आणि मी ते हवा म्हणून काढून टाकलं होतं.

घाम फुटला. दुपार कलली होती. मी शाळेचे नियम पुन्हा उघडले आणि एका ओळीवर डोळे थांबले. व्हिडिओ मोठा असल्यास तुकड्यांत पाठवला तरी चालेल! पुढेही काहीतरी लिहिलं होतं, पण वाचायची गरजच काय? तुकडे म्हटल्यावर तर माझा हातखंडा! दारातून जात नाही ते कपाट आम्ही सुटं करतो. फळ्या वेगळ्या, दारं वेगळी, पाय वेगळे. काही दाबायचं नाही, काही फेकायचं नाही.

मी मूळ व्हिडिओची नवी नक्कल काढली आणि ती पायरीपायरीनं सुटी केली. बेतणं एक तुकडा, कॉलर ताठ ठेवणारं बकरम चिकटवणं एक तुकडा, मग कॉलर उलटवणं, कच्ची शिलाई, पक्की शिलाई, इस्त्री. प्रत्येक तुकड्यावर नाव घातलं, "नाजूक, सांभाळून उतरवणे." आकडे घातले नाहीत. आमच्यात आकडे घालायची पद्धतच नाही, माल कोणत्या क्रमानं चढवलाय यावरच सगळं कळतं.

आता ट्रक भरायचं शास्त्र लोकांना माहीत नसतं म्हणून सांगतो. जे उतरल्यावर सगळ्यात आधी लागणार ते सगळ्यात शेवटी चढवायचं, म्हणजे दार उघडलं की ते समोर हजर. नवखा माणूस उलटं करतो आणि मग नव्या घरी पोचल्यावर पाण्याच्या भांड्यासाठी आख्खा ट्रक उपसावा लागतो. मी नवखा आहे का? मी आधी शेवटचा तुकडा चढवला, मग त्याच्या आधीचा, आणि अगदी शेवटी, दाराशी, पहिला!

चढवताना कॉम्प्युटरवरची रेघ हळूहळू पुढे सरकत होती. मी सवयीनं हात हलवत ओरडत होतो, "येऊ दे, येऊ दे, अजून थोडं, डावीकडे सांभाळ, बस्स!"

इतक्यात बायकोचा फोन.

"झालं का हो?"

"बांधून झालं! आता गाडीत चढवतोय."

"कुठल्या गाडीत?"

"अगं म्हणजे पाठवतोय."

"काही कापलंबिपलं नाही ना?"

"छे! फक्त सुटं केलं, कपाटासारखं."

"कपाटासारखं म्हणजे?" ती विचारत होती, तेवढ्यात मागून दुकानदारानं हाक मारली आणि फोन कट झाला.

मुदत संपायच्या आत शेवटचा तुकडा चढला आणि पडद्यावर आलं, "तुमचा व्हिडिओ मिळाला. आता यात बदल करता येणार नाही." मी अशा आनंदात उठलो की विचारू नका. मुंगळ्याला फोन करून बोलावलं. बायको दुकानातून आली तेव्हा घरात खुर्च्या मांडलेल्या, सासूबाई पुढच्या रांगेत, मुंगळा मागे उभा.

"बस, बस," मी बायकोला म्हणालो. "पाठवलेला व्हिडिओ शाळेच्या पानावर दिसतो. सगळ्यांनी मिळून बघू!"

व्हिडिओ सुरू झाला. चित्र कसं, आरशासारखं लख्ख! माझी छाती फुगली. पडद्यावरच्या बायकोनं इस्त्री केलेला शर्ट उचलून धरला आणि म्हणाली, "तर अशी आपली कॉलर तयार झाली. सोपं आहे की नाही? नमस्कार!"

मुंगळ्यानं टाळ्या वाजवल्या. "संपलं? छान होतं वहिनी. जरा लहान होतं."

पण संपलं नव्हतं. पुढे कॉलरीवर पक्की शिलाई पडायची होती. त्यानंतर ती कच्च्या टाक्यांवर आली. मग शर्टापासून सुटी झाली, मग तिच्यातलं बकरम बाहेर आलं, आणि सगळ्यात शेवटी बायकोनं एक सपाट, कोरं कापड टेबलावर अंथरलं आणि हसून म्हणाली, "नमस्कार, आज आपण कॉलर लावायला शिकणार आहोत."

बायकोनं खुर्ची पडद्याजवळ ओढली.

"क्रम कसा लावलात?" बायकोनं अगदी हळू विचारलं.

मी ट्रकाचं शास्त्र समजावून सांगितलं. पूर्ण सांगितलं, हातवारे करून. पडद्यावर त्या नियमाची उरलेली ओळही दिसत होती. तुकडे ज्या क्रमानं येतील त्याच क्रमानं दाखवले जातील.

"म्हणजे माझ्या लेकीची कॉलर ट्रकात भरलीत," सासूबाई म्हणाल्या.

"पण वहिनी, भरलंय मात्र बरोबर," मुंगळा कळवळून म्हणाला. "मी असतो तरी असंच भरलं असतं."

बायको ओरडली असती तर बरं झालं असतं. ती उठली, मशीनवर जाऊन बसली आणि कापड न लावताच पायांनी मशीन चालवत राहिली. मला फार वाईट वाटलं. लोकांच्या बशीला तडा जाऊ दिला नाही कधी, आणि घरातल्या माणसाची एकच गोष्ट माझ्या हातून फुटली.

पुढच्या सुट्टीच्या दिवशी शाळेतून फोन आला. बायकोनं तो सगळ्यांना ऐकू येईल असा टेबलावर ठेवला. निवड करणाऱ्या बाई बोलत होत्या.

"तुमचा धडा पाहिला. एक विचारायचं होतं, हा शेवटाकडून सुरुवातीकडे जायचा प्रकार तुम्ही मुद्दाम केलाय का?"

मी जोरजोरात मान हलवून खुणावलं. हो म्हण! हो म्हण!

"नाही," बायको म्हणाली. "माझे मिस्टर ट्रक भरतात. आधी लागणारं सामान शेवटी चढवतात. व्हिडिओही तसाच चढवला."

पलीकडे आधी खुसखुस, मग बाई इतक्या मोठ्यानं हसल्या की फोन टेबलावर सरकायला लागला. "अहो, इथे एक घोटाळा झालाय," त्या धापा टाकत म्हणाल्या. "आमच्या व्यवस्थापकांना शिवणातलं ओ की ठो येत नाही. म्हणून प्रत्येक धडा आम्ही त्यांना देतो आणि सांगतो, बघून करा. तुमचा धडा त्यांनी पाहिला. प्रत्येक तुकड्यात कॉलर आधीपेक्षा सुटी होत गेलेली! त्यांना वाटलं, उसवायला शिकवताय. त्यांनी अंगातला शर्ट काढला आणि तुमचे हात बघत बघत कॉलर उसवली."

"अगं बाई!" बायको म्हणाली. "कापड फाटलं का?"

"तेच तर सांगतेय! एक दोरा ओढला गेला नाही. स्वच्छ सुटी झाली. पण आता ती परत लावायची कशी, हे त्यांना माहीत नाही. तुम्ही आत्ताच व्हिडिओ कॉलवर समोरासमोर शिकवाल का? तीच तुमची परीक्षा समजा."

बायकोनं माझ्याकडे पाहिलं. मी लगेच फोन बांधायला सुतळी आणायला धावलो. सासूबाईंनी बसल्या जागेवरून माझा सदरा धरला. "तुम्ही कोपऱ्यात बसायचं. हात मांडीखाली."

पडद्यावर व्यवस्थापक आले. भारदस्त गृहस्थ, मिशा, चष्मा, आणि हातातल्या शर्टाला कॉलर नाही. चेहरा असा की जणू मीच येऊन ती उसवली! बायकोनं पदर खोचला आणि सुरुवात केली.

"सुई अशी नरडं आवळल्यासारखी धरू नका. पेन धरता ना? तशी धरा. हां. आता कॉलरीचा मध्य शोधा. घडी घाला, खूण करा. घाई कुणाला आहे?"

ते टाका घालत होते आणि ती गप्प बसून बघत होती. किती वेळ कोणीच बोललं नाही. हात चुकायला लागला की तेवढ्यापुरतं "अं हं" म्हणायची, बस्स. कोपऱ्यात बसल्या बसल्या मला कळलं की हवा म्हणून मी काढून फेकलं होतं ते हेच. शिकवणं सगळं तिथेच होतं.

शेवटी त्यांनी दमून कॉलर वर धरली. एका बाजूला किंचित तिरकी होती. मला तर ती उत्तम वाटली.

"उसवा," बायको म्हणाली.

"पुन्हा?"

"उसवता तर येतंच तुम्हाला. माझ्याकडूनच शिकलात ना?"

व्यवस्थापकांच्या मिशा हलल्या. आधी मला वाटलं रागावले, पण गृहस्थ हसत होते. मुकाट्यानं उसवून त्यांनी पुन्हा लावली. या वेळी कॉलर अशी बसली की त्यांनी तिथेच शर्ट घातला, वरचं बटण लावलं आणि आरशात बघायला उठून गेले, ते परत येईचनात! बाई म्हणाल्या, "मला वाटतं निवड झाली."

सासूबाईंनी डोळ्याला पदर लावला. मी मांडीखालचे हात काढून टाळ्या वाजवल्या. माझी बायको! मागच्या खोलीतली माझी बायको आता सगळ्यांसमोर बसून शिकवणार होती, तिच्या स्वतःच्या नावानं.

तेवढ्यात व्यवस्थापक परत आले. "ते ट्रक भरणारे मिस्टर कुठे आहेत? आम्ही विद्यार्थ्यांना कापड, बकरम, दोरे, सुया, कात्री असं सगळं खोक्यातून पाठवतो. पहिल्या धड्याचं सामान वरच आलं पाहिजे. लोक चुकीचं भरतात हो."

मी ताडकन उभा राहिलो. "शेवटी लागणारं तळाशी, आधी लागणारं वर!"

"इथे मात्र तसंच करा," बायको म्हणाली, आणि कितीतरी दिवसांनी माझ्याकडे बघून हसली.

मग काय! मी आणि मुंगळ्यानं मिळून खोकी बांधली. असं पॅकिंग मी उभ्या आयुष्यात केलं नव्हतं. घरचं काम ते! प्रत्येक सुई वेगळी गुंडाळली, आत थर्माकोल, त्यावर बुडबुड्यांचं प्लास्टिक, बाहेर चिकटपट्टीचे वेढ्यावर वेढे, वरून सुतळीची गाठ. बायकोच्या पहिल्या धड्याची वस्तू सगळ्यात वर. दुसऱ्याची त्याखाली. तिसऱ्या धड्यात कापड बेतायचं होतं म्हणून कात्री त्याच्याही खाली. अगदी शास्त्रशुद्ध! आणि खोक्यावर ठळक अक्षरात लिहिलं, "कात्रीने उघडावे."

पहिला धडा सुरू झाला. पडद्यावर चौकोनाचौकोनांत विद्यार्थी. नव्या साडीतली बायको म्हणाली, "नमस्कार. आपापलं खोकं उघडा, की सुरुवात करू."

सगळी उघडायला लागली. एक आजी दातानं, एक गृहस्थ किल्लीनं, एकानं तर खोकं दारात अडकवून ओढलं. व्यवस्थापकही हौसेनं वर्गात आले होते, ते मांडीवर खोकं घेऊन त्याला चारी बाजूंनी फिरवून बघत होते. धड्याचा वेळ संपत आला.

"बाई," ते शेवटी कळवळून म्हणाले, "हे उसवायचं कुठून?"

बायकोनं हळूच मान वळवून माझ्याकडे पाहिलं. सासूबाईंनीही पाहिलं. काय सांगणार? पहिला धडा त्या दिवशी झालाच नाही, हे खरं. पण नंतर खोकी उघडली तेव्हा एकाही खोक्यातली एकही सुई वाकली नव्हती, हेही लिहून घ्या!